सैनिकाचा संसार आणि परिचर्येचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करताना मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती या कार्यांचा यथोचित गौरव या व्याख्यानमालेत झालेलाच आहे. परंतु सुवर्णमहोत्सव हा जसा गौरवाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. व्यापारी दिवाळीला नव्या वहीचे पूजन करतो. पण त्याआधी जुनी खतावणी उघडून कोणाचे देणे राहिले आहे, हे तपासून घेतो. समाजाच्या वहीतही एक देणे असेच मागल्या पानावर राहून गेले आहे. शिक्षण अर्धवट सोडून संसारात पडलेल्या आणि पुढे वयाच्या तिशीत, दोन मुले पदरात असताना, परिचर्येच्या शिक्षणाकडे पुन्हा वळणाऱ्या सैनिकपत्नीचे ते देणे होय. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

विषय केवळ तत्त्वांच्या भाषेत मांडला तर तो कानावरून जातो. म्हणून आरंभी एका घराची हकिकत पाहू. दक्षिण महाराष्ट्रातील, कृष्णाकाठच्या एका गावातील शेतकरी जैन घराण्याची ती सून. आपले नाव चारचौघांत घेतलेले तिला रुचणार नाही, म्हणून ते येथे घेतलेले नाही. बारावीनंतर तिने परिचर्येच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. पहिले वर्ष संपते न संपते तोच सैन्यातील मुलाचे स्थळ चालून आले. मुलगा निर्व्यसनी, नोकरी केंद्र सरकारची, घरी थोडी बागायत. "शिक्षण काय, नंतरही होईल," असे म्हणून वडीलधाऱ्यांनी अक्षता टाकल्या. ते 'नंतर' उगवायला अकरा वर्षे लागली.

पती मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान. बेळगावच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन तो पलटणीत गेला. ज्या क्षेत्रात कुटुंब नेण्यास परवानगी नाही, तेथे त्याची नेमणूक असली की ती गावी सासू-सासऱ्यांजवळ. आणि शांततेच्या ठिकाणी बदली होऊन क्वार्टर मिळाले की ती मुलांसह त्याच्याजवळ. अकरा वर्षांत चार वेळा बिऱ्हाड हलले. लोखंडी ट्रंकांवर पांढऱ्या रंगात घातलेले पत्ते चार वेळा खोडले गेले. थोरल्या मुलीने चौथीपर्यंत तीन शाळा पाहिल्या. सैनिकाच्या घरी असा संसार सर्वत्र चालतो. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मात्र प्रत्येक वेळी ट्रंक भरताना तळाशी एक गोष्ट न चुकता ठेवली जाई, ती म्हणजे परिचर्या विद्यालयाची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका.

पुढे पती पुन्हा सीमेवर गेला आणि ती गावी आली. त्याच सुमारास सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावे अंग गेले, वाचा अडखळू लागली. पाच महिने ते अंथरुणाला खिळून होते. एका वर्षात जे शिकली होती, ते तिने सर्व उपयोगात आणले. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ व टाचा कोरड्या ठेवणे, चादरीवर सुरकुती राहू न देणे, भरवताना पाठीला आधार देऊन बसते करणे, जेणेकरून घास श्वासनलिकेत जाऊ नये. रात्री घड्याळाचा गजर लावून ती उठत असे. तालुक्याचे डॉक्टर पाचव्या महिन्यात तपासायला आले, त्यांनी पाठ उघडून पाहिली आणि चकित होऊन विचारले, "इतके दिवस एका जागी पडून आहेत, एकही शय्याव्रण नाही. हे कोणी सांभाळलं?" ती संकोचून म्हणाली, "एक वर्ष नर्सिंगला होते." सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

सासऱ्यांनी णमोकार मंत्र ऐकत शांतपणे देह ठेवला. दिवसकार्य आटोपल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवून घेतले आणि म्हणाल्या, "लेकरं माझ्यापाशी राहू देत. तू तुझं शिक्षण पुरं कर." सुनेने विचारले, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?" त्यावर उत्तर आले, "लोक त्यांच्या अंगाला फोड आला की तुझ्याकडंच येतील."

लोक म्हणायचे ते म्हणालेच. भावकीतून आक्षेप आले, तेही धर्माचे नाव घेऊन. सैनिकाची पत्नी, दरमहा पगार घरी येतो. मग परक्यांचे मलमूत्र काढण्यास कशाला जायचे? परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे जैन घरच्या सुनेला शोभते काय? हे प्रश्न आजही आपल्या घराघरांत विचारले जातात, म्हणून त्यांचे उत्तर शास्त्रातूनच पाहिले पाहिजे.

आपल्या शास्त्रात अभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. यांतील वैयावृत्य म्हणजे सेवाशुश्रूषा. आणि ती ज्या दहा जणांची करावयाची, त्यांत 'ग्लान' म्हणजे रोगी साधू स्वतंत्रपणे गणला आहे. तीर्थंकर नामकर्माच्या बंधास कारण होणाऱ्या सोळा भावनांतही वैयावृत्याला स्थान आहे. हे वैयावृत्य मूलतः साधुसंघाच्या संदर्भात सांगितले गेले हे खरे. परंतु ज्या हाताला साधूची शुश्रूषा पवित्र वाटते, त्याला गोरगरीब रुग्णाची शुश्रूषा अपवित्र कशी वाटावी?

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा. व्याधिग्रस्त देह पाहून किळस न करणे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. या अंगासाठी उद्दायन राजाची कथा प्रसिद्ध आहे. त्याची परीक्षा पाहण्यासाठी एक देव रोगजर्जर मुनीचे रूप घेऊन आला, आहार घेतल्यावर त्याने वमन केले. दुर्गंधीने सेवकवर्ग पळून गेला, पण राजा आणि राणी प्रभावती यांनी स्वहस्ते ते स्वच्छ केले आणि दोष स्वतःच्या आहारदानाकडे घेतला. राजघराण्यातील, शस्त्र धारण करणाऱ्या कुळातील पतिपत्नींनी केलेली ही परिचर्या आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. तेच काम सून करू लागली की मात्र आपल्याला कुळाची आठवण होते!

सैनिकी पेशाबद्दलही असाच एक गैरसमज आढळतो. अहिंसा परम धर्म मानणाऱ्यांनी सैन्यात कसे जावे, असे विचारले जाते. शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद केले, ते गृहस्थाचे जीवन ओळखूनच. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा सोडावी; आक्रमकापासून रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची भव्य मूर्ती इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी केली ती गंग राजांच्या सेनापतीने, चामुंडरायाने. ज्या मूर्तीच्या मस्तकाभिषेकासाठी आपण लांबून जातो, ती एका सैनिकाच्या घराची देणगी आहे, हे विसरून चालणार नाही.

परिचर्येविषयीचा हा संकोच केवळ आपल्याच समाजात होता असेही नाही. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सधन कुटुंबाने त्यांच्या या ध्यासाला दीर्घकाळ विरोध केला. १८५४ साली त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गेल्या आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचर्या विद्यालय सुरू झाले. म्हणजे आधुनिक परिचर्येचे शिक्षण सैनिकांच्या रुग्णशय्येपासूनच उगम पावले. आपल्या पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवेत देह ठेवला. त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर होते आणि सैन्यात सेवा करीत होते. रोग्यांसाठी काढलेल्या दवाखान्यात माता आणि पुत्र दोघेही खपत होते. पुढे १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण देण्याचा उपक्रम चालवला. तेव्हाही सुशिक्षितांनी नाके मुरडली होती. शंभर वर्षे उलटली, तरी मुरडणारी नाके तीच राहिली आहेत.

आता त्या सुनेकडे पुन्हा वळू. खंड मोठा असल्याने तिला पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागला. जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षांची. ती तेव्हा तिशीत होती. आणखी एक बदली मध्ये आली असती, तर ते दार कायमचे बंद झाले असते. विद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आणि वसतिगृहात राहणे सक्तीचे. आठवड्यातून एकदा घरी जाता येई. धाकटा मुलगा सहा वर्षांचा होता. पहिला महिनाभर तो आजीच्या पदराला धरून रडत असे. वर्गातील मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या. त्या तिला 'ताई' म्हणत. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ताई अनुत्तीर्ण झाली. इंग्रजी संज्ञा अकरा वर्षांत विस्मृतीत गेल्या होत्या. त्याच मुलींनी तिला हाडांची नावे पाठ करून घेतली आणि तिने त्यांना रडणाऱ्या बाळाला कसे धरावे ते दाखवले.

दुपारी दोन ते रात्री आठ अशी पाळी आली की रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न उभा राही. तिने तो गाजावाजा न करता सोडवला. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांना एकदा नम्रपणे सांगितले. सूर्यास्तापूर्वीची दहा मिनिटे तिला मिळत आणि त्या बदल्यात सहा वाजताच्या तापमान-नाडीच्या नोंदी ती सर्वांच्या वतीने आधीच पूर्ण करून ठेवी. दशलक्षण पर्वात तिने उपवासांऐवजी एकाशन केले, कारण उपाशी हाताला कंप सुटला तर इंजेक्शन चुकेल, हा विवेक तिच्याजवळ होता. धर्म पाळून हे काम करता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिने असे तीन वर्षे दिले.

एके रात्री ती बालरुग्ण विभागात कामावर असताना गावी मुलाला ताप भरला. सासूबाईंनी डॉक्टर आणले, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पण तिला कळवले ते सकाळी आठ वाजता, पाळी संपल्यावर. ती रागावली, रडली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू तिथं दुसऱ्याचं लेकरू बघत होतीस. तुझा हात कापला असता." वैयावृत्य शब्दाचा अर्थ या अल्पशिक्षित माऊलीला कोणी शिकवला असेल?

सैनिकाला वर्षातून साठ दिवसांची वार्षिक रजा असते. दुसऱ्या वर्षी पती रजेवर आला, तेव्हा तिच्या परीक्षा चालू होत्या. त्याने मुलांना शाळेत पोहोचवले, आईच्या गुडघ्यांचे औषध आणले, रविवारी दोन्ही मुलांना घेऊन वसतिगृहाच्या फाटकापाशी डबा दिला. साठ दिवसांत पतिपत्नी एका छताखाली राहिले ते मोजके नऊ दिवस. हा हिशेब तिने कोणाला सांगितला नाही. तो तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता.

खरी कसोटी पुढेच होती. ती तिसऱ्या वर्षाला असताना पतीची बदली शांततेच्या ठिकाणी झाली आणि क्वार्टर मंजूर होण्याची चिन्हे दिसू लागली. तीन वर्षांनी कुटुंब एकत्र येणार होते. शिक्षणाचे दहा महिने उरले होते. मध्येच अभ्यासक्रम सोडून दुसऱ्या राज्यात उरलेला भाग पूर्ण करणे हे बोलण्याइतके सोपे नसते. जायचे तर शिक्षण दुसऱ्यांदा सुटणार, आणि वयाची मर्यादा पाहता ते कायमचे सुटणार. राहायचे तर मुलांना पित्याचा सहवास मिळण्याची ही दुर्मीळ संधी हातची जाणार. तिने दूरध्वनीवरून सांगितले, "अहो, मी येते. शिक्षणाचं बघू नंतर." त्यावर पती म्हणाला, "एकदा लग्नासाठी सोडलंस. आता माझ्यासाठी सोडू नकोस." तो बराकीतच राहिला.

हा निर्णय योग्य होता काय? ती आज परिचारिका आहे, एका ग्रामीण रुग्णालयात काम करते, म्हणून तो योग्य होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु थोरल्या मुलीने तेव्हा विचारले होते, "सगळ्यांचे पप्पा लांब असतात म्हणून मुलं रडतात. आमचे पप्पा बोलावत होते, मग आपण का नाही गेलो?" या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. अशा स्त्रीचा त्याग गौरवून टाळ्या वाजवणे म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे होय. हा प्रश्न आईने सोडवायचा नव्हताच. तो समाजाने आणि व्यवस्थेने सोडवायचा होता.

व्यवस्थेला हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. सैनिकांच्या व अन्य बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण बदल्यांमुळे खंडित होऊ नये, म्हणून १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. सैनिकांची वस्ती मोठी असलेल्या ठिकाणच्या २० रेजिमेंटल शाळांपासून तिचा आरंभ झाला. देशभर एकच अभ्यासक्रम, म्हणजे मूल जम्मूहून पुण्यास आले तरी धडा तोच. मुलाची अडचण राष्ट्राने ओळखली. त्याच मुलाच्या आईचे शिक्षण त्याच बदलीने खंडित होते, याचा मात्र तसा विचार झाला नाही. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजना आहे, ती स्तुत्यच आहे. पण सेवेत असलेल्या जवानाच्या पत्नीचे नाव त्या यादीत येत नाही. पतीच्या हयातीत तिने शिकावे, ही कल्पनाच आपल्या योजनाकारांना फारशी सुचलेली नाही.

नियम कसे घडतात आणि कसे मोडतात, याची दोन उदाहरणे अलीकडच्या काळातील आहेत. सैन्यातील परिचारिका लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी १९८८ साली एका लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी त्यांना सैनिकी परिचर्या सेवेतून मुक्त करण्यात आले. विवाह हे सेवामुक्तीचे कारण मानणारा १९७७ चा तो नियम १९९५ साली मागे घेण्यात आला. परंतु त्यांना न्याय मिळायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. तो नियम मनमानी व स्त्रीपुरुष समानतेला बाधक असल्याचा निर्वाळा देऊन सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. छत्तीस वर्षे! जी सेवा सैनिकांच्या जखमा बांधण्यासाठी निर्माण झाली, तीत सैनिकाच्या पत्नीलाच स्थान नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्याचे. कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या दोन मुलांच्या माता. वयाची मर्यादा उलटलेली. संरक्षण मंत्रालयाने ती अट शिथिल केली, त्यांनी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांचे क्षेत्र परिचर्येचे नव्हे. पण माता झालेली स्त्री पुन्हा विद्यार्थिनी होऊ शकते आणि तिच्यासाठी वयाचा नियम वाकवता येतो, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. प्रश्न एवढाच की, नियम वाकण्यासाठी पतीला वीरमरण येण्याची वाट का पाहावी?

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला गेला. तेथे सैनिकाला मिळणारा उच्च शिक्षणाचा आर्थिक हक्क ऑगस्ट २००९ पासून ठरावीक सेवेच्या अटीवर पत्नीच्या वा मुलांच्या नावे करता येतो. तो ३६ महिन्यांपर्यंतचा असतो. तेथेही प्रत्येक राज्याचा परिचारिका-परवाना वेगळा असल्यामुळे पतीच्या बदलीबरोबर पत्नीची नोकरी जात असे. २००० सालापासून राज्ये एका समान करारात येऊ लागली आणि २०२३ च्या जानेवारीत सैनिकांच्या जोडीदारांचे व्यावसायिक परवाने बदलीच्या राज्यातही ग्राह्य धरण्याचा केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडेही परिचारिकेची नोंदणी राज्य परिषदेकडे असते आणि दुसऱ्या राज्यात स्थायिक होऊन काम करायचे तर तेथील नोंदणीचे सोपस्कार करावे लागतात. सैनिकाच्या पत्नीला हे सोपस्कार वारंवार करावे लागतात, हे ध्यानी घेतले पाहिजे.

या प्रश्नाला अर्थशास्त्राचीही बाजू आहे. जवान-हवालदार दर्जाचा सैनिक चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो, तेव्हा मुलांची शिक्षणे ऐन भरात असतात. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत सेवेचा काळ चार वर्षांचा असून त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरच कायम होतात. अशा घरात पत्नीच्या हाती परिचर्येसारखी कोणत्याही गावात उपयोगी पडणारी विद्या असणे, हा त्या संसाराचा खरा विमा आहे. आणि देशाला परिचारिकांची गरज किती, हे २०२० साली कोणाला सांगावे लागले नाही. नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी आपण सर्वांनी थाळ्या वाजवल्या. थाळी वाजवणाऱ्या किती घरांनी आपली सून त्या शिक्षणाला धाडली?

कापडाच्या दुकानात ताग्यातून कापून उरलेल्या तुकड्याला कटपीस म्हणतात आणि त्याचा भाव उतरवतात. वास्तविक धागा तोच, वीण तीच, रंग तोच. शिक्षणात खंड पडलेल्या स्त्रीला समाज असाच उतरता भाव देतो. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जांत 'गतवर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी' अशी एक ओळ सर्वसाधारणपणे असते. ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात कोणतीही दुष्ट भावना नव्हती. पण त्या एका ओळीने किती सुना दाराबाहेर राहिल्या, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार नम्र सूचना विश्वस्त मंडळापुढे आणि समाजापुढे ठेवाव्याशा वाटतात. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांतून वयाची आणि शिक्षणातील खंडाची अट काढून टाकावी. दुसरी, विवाहित विद्यार्थिनीला केवळ शुल्काची रक्कम देऊन भागत नाही. मुलांचा सांभाळ आणि घरी जाण्या-येण्याचा खर्च यांसाठीही साहाय्य असावे. तिसरी, संस्थेच्या वसतिगृहात एक खोली अशी राखावी, जिथे सुट्टीच्या दिवशी शिकणारी आई आपल्या मुलांसह दोन दिवस राहू शकेल. चौथी, आणि ही पैशाची नाही, सुनेला शिकायला पाठवणाऱ्या सासूचा सत्कार संस्थेच्या व्यासपीठावर व्हावा. पदवी मिळवणाऱ्या मुलीचे छायाचित्र स्मरणिकेत येते. मुलाच्या तापाची रात्र एकटीने काढणाऱ्या आजीचे येत नाही.

यासाठी लागणारा निधी फार मोठा नाही. चार दानांमध्ये औषधदान सांगितले आहे. औषधाची बाटली देणे हे औषधदान खरेच. पण ते औषध वेळेवर, योग्य मात्रेत, मायेने रुग्णाच्या मुखी घालणारे हात घडवणे, हे त्याहून चिरकाल टिकणारे औषधदान होय.

त्या सुनेची कहाणी येथे संपत नाही. पतीच्या निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत. गेल्या रजेत तो आला, तेव्हा ती रात्रपाळीला होती. थोरली मुलगी आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे. आईचा पांढरा गणवेश तीच रोज इस्त्री करून ठेवते. पुढे काय शिकणार, असे कोणी विचारले की मात्र ती म्हणते, "अजून ठरवलं नाही." तिचा तो जुना प्रश्न अजून तिच्याजवळ आहे. तिने नर्स व्हावे किंवा होऊ नये, हे तिचे ती ठरवील. पण उद्या तिच्याही शिक्षणात खंड पडला, तर 'नंतर' या शब्दासाठी तिला अकरा वर्षे थांबावे लागू नये, एवढी जबाबदारी आपली आहे.

संस्थेच्या शतकमहोत्सवात जे कोणी या व्यासपीठावर उभे राहतील, त्यांना आजच्या वहीतील हे देणे फिटलेले दिसो, ही जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र! जय हिंद!